भिंगरीताईच्या खुर्चीची करकर

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि त्याआधी मी एक दार होते.

ऐकून नवल वाटले ना? मलाही अजून वाटते. बहुतेक खुर्च्या पहिल्यापासून खुर्च्याच असतात. माझे मात्र दोन जन्म झाले, आणि पहिल्या जन्माची एक खोड दुसऱ्या जन्मात माझ्याबरोबर आली. त्या खोडीपायी मी अडगळीत पडले आणि त्या खोडीपायीच बाहेर आले. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. मला डोळे नाहीत. लाकडाला कुठले डोळे? त्यामुळे कोण गोरे, कोण सावळे, कोणाचे कपडे नवे, हे मला कधी कळले नाही. पण तुम्ही माझ्यावर बसलात की मला तुमच्याबद्दल पुष्कळ कळते. घाईतला माणूस नुसता टेकतो. दमलेला माणूस आधी सुस्कारा टाकतो आणि मग अंग टाकतो. थापा मारणारा दर वाक्याला बूड हलवतो. आणि कान म्हणाल, तर ते मला दाराच्या जन्मापासून आहेत. भिंतीला कान असतात असे तुम्हीच म्हणता. मग दाराने काय पाप केले?

दार होते तेव्हा मी एका दोन खोल्यांच्या घराला होते. शिवणकाम करणारी एक आई आणि तिची मुलगी, अशा दोघीच त्या घरात राहत. दिवसभर माझ्यावर टकटक चाले. कोणी सदऱ्याची बाही सैल करून घ्यायला येई, कोणी पडदे शिवायला टाकी. उघडताना मी करकरे, मिटताना करकरे. आईला त्याचा उपयोगच होता. तिचे हात मशीनवर आणि डोळे सुईवर असत. कोणी आत आले, हे तिला माझ्याकडून कळे.

पुढे पाणी लागून लागून माझा खालचा भाग कुजला. आईचा भाऊ सुतार होता. तो नवे दार घेऊन आला, त्याने मला बिजागऱ्यांवरून उतरवले आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. आता आपण जळणात जाणार, असे मी धरून चालले होते. पण मामा म्हणाला, खालचे कुजले म्हणून वरचेही जाळायचे, हा कुठला न्याय? वरचे लाकूड अजून लोखंडासारखे आहे. मग करवत आली, रंधा आला, आणि माझी खुर्ची झाली. भाचीला अभ्यासाला बसायला खुर्ची नव्हती, ती मिळाली.

मात्र उजव्या बाजूच्या मागच्या पायाची खाच जरा मोठी कोरली गेली होती. मामाने तिथे पाचर ठोकली. पुढे हवा कोरडी झाली, लाकूड आखडले, पाचर ढिली पडली, आणि माझी जुनी खोड परत आली. बसलेले माणूस पुढे झुकले की माझा तो पाय लांबलचक ‘कर्रर्र’ करी. माणूस मागे टेकले की बारीकसे ‘कट्’ होई.

आई म्हणाली, सरस लावून चिकटव आणि बंद कर हे एकदाचे. मामा हसला. “दाराची जात आहे, तायडे. कोणी हललं की बोलणारच.”

आणि त्या घरात हलणारे माणूस होतेच. ती मुलगी एका जागी कधी बसत नसे, म्हणून मामा तिला भिंगरी म्हणे. पुढे तिची पुस्तके निघाली आणि त्यांच्यावर तिचे भलेमोठे नाव छापले गेले, असे ऐकते. ते नाव मला ठाऊक नाही. खुर्चीला मुखपृष्ठ कोण वाचून दाखवणार? माझ्यासाठी ती भिंगरीच.

आता तुम्ही विचाराल, एक भिंगरी लेखिका कशी झाली? मला जेवढे ऐकू आले, तेवढे सांगते.

आईला गोष्टींचे वेड होते, पण वाचायला सवड कुठली? म्हणून ती भिंगरीला म्हणायची, तू मोठ्याने वाच, मी ऐकते. भिंगरी माझ्यावर बसून वाची आणि समोर मशीन खडखडत असे. गोष्ट बेताची असली तर मशीन एका चालीने चाले. गोष्ट रंगली की ते हळू होई. आणि गोष्टीतला माणूस अगदी कड्याच्या टोकावर आला, की मशीन थांबे. भिंगरीने हे फार लवकर हेरले. मशीन थांबले की ती वाचता वाचता पुढे झुके, आणि मी कर्रर्र करी.

एकदा घरातली सगळी पुस्तके वाचून संपली. भिंगरीने युक्ती केली. तिने जुनेच पुस्तक मांडीवर उघडे धरले आणि मनानेच गोष्ट सांगायला सुरुवात केली. एका बंद घराची, त्यातल्या हरवलेल्या किल्लीची. मशीन हळू झाले, मग थांबले. मलाही उत्सुकता लागली होती, की ती किल्ली शेवटी कोणाकडे निघते.

“पान उलटायचं विसरलीस,” आई म्हणाली. भिंगरी गप्प झाली. चोरी पकडली गेली, असे तिला वाटले असावे, कारण ती माझ्यावर अगदी आक्रसून बसली होती. मग आईच म्हणाली, “पण थांबू नकोस. पुढे काय झालं?”

मित्रांनो, त्या तीन शब्दांनी भिंगरीला लेखिका केले, असे माझे मत आहे.

ती मोठी झाली, पण तिच्या कादंबऱ्यांतली मुले तेरा-चौदा वर्षांच्या पुढे काही गेली नाहीत. त्या वयाची मुलेच तिचे वाचक. ती माझ्यावर बसून लिही आणि लिहिलेले लगेच मोठ्याने वाची. आईच्या हातातले काम थांबले नाही, तर ते पान फाडून टाकी. सगळ्यांत गाजली ती तीन भागांची घड्याळाची कादंबरी. एका शहरातल्या मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ कैक वर्षे बंद पडलेले असते, तरी ते रोज दुपारी एकच टोला देते. तो टोला कोण देते, याचा माग तीन मुले काढतात. पहिला भाग निघाला आणि आमच्या घराला जत्रेचे रूप आले. शाळेतली पोरे येत, सहीसाठी वह्या पुढे करत आणि दुसऱ्या भागात काय होणार ते आडून आडून विचारत. तिचे प्रकाशकही येत. ते वजनदार गृहस्थ होते, दोन्ही अर्थांनी. ते बसले की माझे चारही पाय देवाचे नाव घेत.

मग एके दिवशी माझ्यावर एक वेगळेच माणूस बसले. ताठ, पण हलके. त्या अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुले त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी सांगितले, की शाळेतल्या मुलांना बहीण-भावंडांकडून घड्याळाच्या कादंबरीचे कळले आहे आणि ती मागे लागली आहेत. बोटांनी वाचायची ठिपक्यांची पुस्तके असतात, पण ती तयार व्हायला वेळ लागतो, एका पुस्तकाचे चार जाडजूड गठ्ठे होतात, आणि ती आधी अभ्यासाची निघतात. गोष्टींची पाळी येता येत नाही.

“तेरा वर्षांच्या मुलाला आज जे वाचायचंय, ते तो सतरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या हातात देऊन काय उपयोग?” मोठ्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी भिंगरीने मागची खोली रिकामी करायला घेतली. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून आईने जुन्या रजया एकीला एक जोडून भिंतीभर टांगल्या. रेडिओवरून नुकतेच निवृत्त झालेले एक ध्वनिमुद्रक शेजारच्या गल्लीत राहत. ते आपले यंत्र घेऊन आले. त्यांना पुढे सगळे रेडिओकाका म्हणू लागले. मला खोलीच्या मध्यभागी ठेवले, भिंगरी बसली, आणि तिने घड्याळाचा पहिला भाग पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. त्या टेप शाळेतल्या एका कपाटात गेल्या. मुलांनी त्याचे नाव ठेवले, बोलके कपाट.

कपाट भरू लागले. भिंगरीने आपल्याच कादंबऱ्या वाचल्या असे नाही. विज्ञानाची पुस्तके, प्रवासवर्णने, विनोदाची पुस्तके, मुले मागतील ते. एकटीने पुरे पडेना, तेव्हा तिने ओळखीपाळखीची माणसे गोळा केली. गणिताच्या एक मास्तरीणबाई विनोद अशा वाचत, की जणू तो फळ्यावर सिद्ध करून दाखवायचा आहे. एक बसकंडक्टर येत. त्यांचा आवाज खणखणीत, पण नवे प्रकरण आले की ते त्याचे नाव पुढचा थांबा आल्यासारखे पुकारत. मुलांना ते इतके आवडले, की शाळेत जेवणाची घंटाही त्याच सुरात पुकारली जाऊ लागली. पुस्तकांच्या कमाईतला मोठा वाटा भिंगरी या कामात घाली. पुढे अशी कपाटे दुसऱ्या शाळांत गेली, इस्पितळांत गेली. माझ्यावर बसून वाचलेले शब्द इतके लांब पोचतात, याचे मला फार कुतूहल वाटे. मी स्वतः आयुष्यात त्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

या सगळ्यात एकच माणूस माझ्यावर नाराज होते. रेडिओकाका. कानाला यंत्र लावून ते बसत आणि माझी करकर झाली की त्यांच्या तोंडून ‘च्’ निघे. त्यांनी पाचर ठोकून पाहिली, तेल सोडून पाहिले, पायाखाली कापड घालून पाहिले. शेवटी ते म्हणाले, “बाई, एक तर ही खुर्ची बदला, नाहीतर मला बदला.”

भिंगरी म्हणाली, दुसऱ्या खुर्चीवर तिचे शब्द अडखळतात. रेडिओकाका कुरकुरत राहिले आणि मी करकरत राहिले. असे बरेच दिवस चालले.

मग काळ बदलला. टेप गेल्या, संगणक आले. एका भल्या माणसाने देणगी दिली आणि घरावर मजला चढवून तिथे ध्वनिमुद्रणाची खरीखुरी खोली झाली. तिच्यात मऊ गादीची, चाकांची, मुकी खुर्ची आली. रेडिओकाकांचे वय झाले होते, त्यांना आता तरी चोख काम हवे होते, आणि भिंगरीचे मन त्यांच्यासाठी मऊ झाले. मला जिन्याखाली ठेवण्यात आले. एका बाजूला रिकामी खोकी, दुसऱ्या बाजूला आईचे जुने मशीन. तिची नजर मंदावली होती आणि मशीनही आता बंद होते. आम्ही दोघी जुन्या मैत्रिणी शेजारी शेजारी गप्प उभ्या राहिलो.

जिन्याखालची जागा स्वयंपाकघराला लागून होती, म्हणून बातम्या कळत. एकदा चहा घेताना रेडिओकाका आईला मोठ्या आनंदाने सांगत होते, की नव्या खोलीतले काम काचेसारखे स्वच्छ होतेच, पण आता ते जुन्या टेपही संगणकावर चढवताहेत. आणि चढवताना त्या खुर्चीची एक एक करकर वेचून, निवडून पुसताहेत. तांदळातले खडे वेचावेत तसे. ते तासन्‌तास कानाला यंत्र लावून बसत आणि पुन्हा पुन्हा तेच ऐकत. चांगल्या कारागिराने मन लावून केलेले काम होते ते. मला वाईट वाटले, पण राग नाही आला. खडा असेन मी, तर वेचलेलाच बरा, असे मी मनाची समजूत घालत होते.

त्यानंतर काही दिवसांत घरातला आवाजच कमी झाला. भिंगरीच्या घशात गाठ आली होती. ती काढली. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण काढताना आवाजाची एक नाजूक नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, बोलायला, वाचायला हरकत नाही, मात्र पहिला आवाज परत येईल असे समजू नका. पूर्वी तिचा आवाज घंटेसारखा होता. आता तो खरखरीत आणि जाड झाला.

नेमका तेव्हा घड्याळाचा तिसरा भाग अर्धा वाचून झाला होता. पुस्तक छापून बाहेर आले होते. डोळस मुलांनी ते कधीच संपवले होते. शाळेतली मुले मात्र मनोऱ्याच्या जिन्यात अडकून पडली होती, कारण वाचन तिथे थांबले होते. घरी गेली की भावंडे त्यांना छळत, सांगून टाकू का टोला कोण देतं? आणि ती बिचारी कानांत बोटे घालून पळत.

भिंगरीने धीर करून त्या नव्या आवाजात पुढचे एक प्रकरण वाचले. वर, मुक्या खुर्चीवर बसून. आवाजाविषयी काहीही न सांगता ते शाळेत पाठवले. मुले काय म्हणतात ते तिला बघायचे होते.

मोठ्या बाईंना खोटे बोलता येत नसे. त्या येऊन सांगून गेल्या, की मुलांनी अर्ध्यात बंद करायला लावले. ही कोण बाई, आम्हाला भिंगरीताई पाहिजे, असे मुले म्हणाली.

त्या दिवशी भिंगरी आईजवळ स्वयंपाकघरात बसली होती. ती एवढेच म्हणाली, की वाचन दुसरे कोणीतरी पुरे करील. आईने विचारले, आणि लिखाण? भिंगरी म्हणाली, मोठ्याने वाचल्याशिवाय मला लिहिता कुठे येतं? मग बराच वेळ नुसता नळ गळत होता. मित्रांनो, एखाद्या घरात ‘पुढे काय झालं’ असे कोणी विचारेनासे झाले, की ते घर कसे होते, ते मला तेव्हा कळले.

पण एक बेत आधीच ठरून गेला होता. बोलके कपाट जिथे तयार होते ती जागा पाहायला मुले येणार होती. ‘पाहायला’ हा शब्द मुलांचाच, बरे का. ती हाताने पाहतात, कानाने पाहतात. भिंगरीने तो बेत मोडला नाही, पण मोठ्या बाईंना निरोप दिला, की ताई भेटणार नाही असे मुलांना सांगा. आपण मात्र खोलीच्या कोपऱ्यात गुपचूप बसून त्यांचे बोलणे ऐकायचे, असे तिने ठरवले. ती काही बोलली नाही, तर ती तिथे आहे हे त्यांना कसे कळणार?

दुपारी दारात काठ्यांची टकटक सुरू झाली. बाहेरची खोली भरून गेली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा आईने रेडिओकाकांना सांगितले, जिन्याखालची काढा की, तिला काय धाड भरली आहे? मी बाहेर आले. आईने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. आणि शेवटी एकच खुर्ची उरली, ती मी, आणि एकच माणूस उभे राहिले, ती भिंगरी.

ती बसली. फार हलकी झाली होती ती. आणि भिंगरी असूनही जराही हलत नव्हती. जणू एका हाताने मला गप्प धरून बसली होती.

रेडिओकाका मुलांना यंत्रांची माहिती देऊ लागले. मुलांत एक मुलगी होती. तिला शाळेत सगळे शंकेखोर म्हणत, आणि नाव अगदी बरोबर होते. माइकमध्ये शिंक आली तर काय करता? वाचणाऱ्याच्या पोटात गुडगुडलं तर? पुस्तकातलं चित्र कसं वाचता? रेडिओकाका उत्तरे देता देता घामाघूम झाले असावेत. मग तिने विचारले, की घड्याळाचा उरलेला भाग कधी येणार.

रेडिओकाका जरा थांबले. म्हणाले, ताईला आता वाचायला जमणार नाही. एक फार छान वाचणाऱ्या बाई मिळाल्या आहेत, त्या पुरा करतील.

एक मोठा मुलगा म्हणाला, “मग राहू दे. टोला कोण देतं ते आम्हाला नको.”

भिंगरी पुढे झुकली. तिचा इलाजच नव्हता. आणि माझाही नव्हता.

कर्रर्र.

“ताई इथे आहे,” शंकेखोर म्हणाली.

मोठ्या बाईंनी विचारले, “कशावरून म्हणतेस?”

“ती पुढे झुकली. आता काहीतरी होणार आहे.”

मग सगळी मुले एकदम बोलू लागली. त्यांचे म्हणणे असे होते, की हे तर पहिल्यापासून ठरलेले आहे. कर्रर्र झाले की समजायचे, आता गोष्टीत काहीतरी भयंकर येणार. शेजारच्याचा हात धरून ठेवायचा. कट् झाले की संकट टळले, हात सोडायचा. बोलके कपाट ऐकणाऱ्या लहानात लहान मुलालाही हे माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त मोठ्या बाईंना, रेडिओकाकांना, भिंगरीला आणि मला.

“अरे, पण तो आवाज मी एक एक करून पुसलाय,” रेडिओकाका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तुम्ही पुसलात होय?” शंकेखोर म्हणाली. “आम्हाला वाटलं, ताई आता आमच्यापासून लांब बसून वाचते.” मग तिला पुढची शंका आली. “आणि ती जाड आवाजाची बाई कोण होती?”

भिंगरी मागे टेकली नाही. मग तिने आपल्या त्या खरखरीत आवाजात सांगितले, “मीच होते ती.”

शंकेखोर विचार करत राहिली. “मग तू बसली कुठे होतीस?”

“नव्या खुर्चीत.”

“तरीच,” ती म्हणाली.

भिंगरी हसली. किती दिवसांनी माझ्यावर बसून कोणी हसत होते. तो मोठा मुलगा मात्र इतक्यात ऐकणारा नव्हता. तो म्हणाला, आवाज खरंच भांडं घासल्यासारखा झालाय. मोठ्या बाईंनी त्याला दटावले, तसा तो म्हणाला, “पण मनोऱ्यातला म्हातारा घड्याळजी असाच बोलत असणार. पूर्वी तो ताईच्या आवाजात बोलायचा, ते मला पटायचंच नाही.”

आई इतका वेळ खिडकीपाशी बसून रिळावर दोरा गुंडाळत होती. शिवता येत नसले तरी दोऱ्याशिवाय तिला करमत नसे. तिथूनच तिने विचारले, “मनोऱ्याच्या जिन्यात मुलं अडकली होती. पुढे काय झालं?”

पुस्तक आणले गेले. भिंगरीने पान काढले. शंकेखोर जमिनीवर सरकत सरकत जवळ आली, तिने हात लांबवून माझा उजवा मागचा पाय शोधला आणि त्यावर तळवा ठेवला. भिंगरी वाचू लागली. पहिल्या काही ओळी अडखळत गेल्या. एका जागी आवाज फाटला. मुलांची चुळबुळ झाली, आणि खोटे कशाला सांगू, एक-दोघे कुजबुजलीही. ती थांबली, घोटभर पाणी प्याली आणि पुन्हा वाचू लागली. जिन्यात वरून पावलांचा आवाज येतो, दिवा विझतो, म्हातारा घड्याळजी अंधारातून बोलतो. तो खरोखरच असा बोलला, की माझ्या लाकडावरही शहारा आला असता. ती पुढे झुकली, मी कर्रर्र केले, आणि खोलीतल्या सगळ्या मुलांनी एकमेकांचे हात धरल्याची सळसळ मी ऐकली.

खिडकीपाशी दोरा गुंडाळण्याचा आवाज थांबला होता. ते भिंगरीच्याही ध्यानात आले. ती ताठ झाली, ते मला कळले.

तो टोला कोण देत असे, हे त्या दुपारी मलाही समजले. पण तुम्हाला सांगणार नाही. पुस्तक वाचा, नाहीतर ऐका.

आता मी वरच्या खोलीत असते. मुकी खुर्ची पाहुण्यांसाठी ठेवली आहे. प्रकाशकांना ती फार आवडते. रेडिओकाकांनी माइक माझ्या थोडा जवळ आणला आहे. जुन्या टेप त्यांनी फेकल्या नव्हत्या, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून संगणकावर चढवण्याचे काम चालू आहे, या वेळी खड्यांसकट. भिंगरीने नवी कादंबरी लिहायला घेतली आहे आणि तिच्यात एक खरखरीत आवाजाची आजी आहे. मध्यंतरी मामाचा मुलगा माझे सांधे आवळायला आला होता. तोही सुतारच. तीन पाय त्याने छान पक्के केले. चौथ्याकडे हात नेला, तर भिंगरी, आई आणि रेडिओकाका तिघेही एकदम ‘नको’ म्हणाले. तो बिचारा हातोडी घेऊन तसाच बसला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांना पुसा, तेल द्या, ढिले झालेले आवळा. पण एखादीची खोड काढून टाकण्याआधी जरा चौकशी करा, की त्या खोडीवर कोणाचा जीव तर नाही ना. आणि तुमच्या घरात एखाद्या माणसाचा आवाज म्हातारा झाला असेल, फाटला असेल, तर त्याच्यासमोर बसा. त्याला विचारा, पुढे काय झालं. आणि तो सांगू लागला, की मागे टेकू नका. पुढे झुका.